घंटाघरावरून भगिनींची चाल

ओटिली कुमर आमच्या गावात दोनदा वारल्या. पहिल्या वेळी त्या साखरकेकचे पीठ मळत होत्या.

एलीममध्ये माणूस गेल्याची बातमी चर्चच्या घंटाघरावरून कळते. चार ट्रॉम्बोनवाले शिडीने वर चढतात आणि एकामागून एक तीन चाली वाजवतात. पहिली चाल एवढेच सांगते की कोणीतरी गेले. दुसरी सांगते, कोणत्या गटातले: विवाहित बंधू, विवाहित भगिनी, विधुर, विधवा, अविवाहित बंधू, अविवाहित भगिनी, मुलगे, मुली. प्रत्येक गटाची चाल निराळी. तिसरी म्हणजे पहिलीच पुन्हा. दुसरी चाल सुरू झाली की गाव हातातले काम थांबवते आणि त्या गटातली आजारी माणसे मनातल्या मनात आठवू लागते. नाव कोणी सांगत नाही. फोन करून विचारणे असभ्य समजतात. चाल ऐकूनही ज्याला माणूस ओळखता येत नाही त्याने इतकी वर्षे एलीममध्ये राहून केले काय, असा साधारण सूर असतो.

मोरेव्हियन या आमच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत हे गट मेल्यावरही सुटत नाहीत. देवाच्या शेतात, म्हणजे आमच्या दफनभूमीत, नवऱ्याशेजारी बायको पुरलेली नसते; भगिनींशेजारी भगिनी असतात, बंधूंशेजारी बंधू. सर्वांच्या शिळा जमिनीसरशा आडव्या आणि एका मापाच्या. मेल्यावर कोणी कोणापेक्षा उंच दिसू नये, हा त्यामागचा विचार. तो आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो.

ओटिली अविवाहित भगिनींच्या गटातल्या. जुन्या भगिनीगृहाच्या तळमजल्यावर त्या राहत आणि वरच्या मजल्यावर हुल्डा राऊख, ज्या त्यांच्याहून पुष्कळच मोठ्या होत्या. ज्या काळाची ही हकिगत, त्या काळी गट म्हणून एवढाच उरला होता.

ओटिलींचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. ओटिली लहानपणापासून चर्चचा ऑर्गन वाजवायला शिकल्या आणि पुढे संगीतसंचालक ब्रदर थिओडोर बाइटेल यांच्या साहाय्यक झाल्या. ब्रदर बाइटेलांना दर हिवाळ्यात सर्दी होई आणि ती बहुधा ईस्टरपर्यंत टिके. त्या काळात ऑर्गन ओटिली वाजवीत. कार्यक्रमपत्रिकेवर नाव मात्र बाइटेलांचेच असे, कारण पत्रिका पानगळीच्या दिवसांतच छापून घेतलेल्या असत. उरलेल्या वेळात ओटिली गावातल्या मुलांना पियानो शिकवीत. ट्रॉम्बोनवाल्यांपैकी झाडून सगळे त्यांचे विद्यार्थी. त्या स्वतः मात्र घंटाघरात जाऊ शकत नव्हत्या. शिडी उभी होती आणि स्त्रियांनी ती चढणे बरे दिसत नसे. युद्धात तरुण मुले समुद्रापार गेली तेव्हा ते बरे दिसू लागले. युद्ध संपेपर्यंत चार भगिनी वर चढून एलीमचे मृत्यू वाजवीत होत्या. टेनर ट्रॉम्बोन, म्हणजे सर्वांत खालच्या बासच्या लगेच वरचा आवाज, ओटिलींकडे होता. मुले परत आली, भगिनींसाठी आभाराची प्रार्थना झाली आणि शिडी पुन्हा पूर्वीसारखी उभी झाली.

ज्या चालीची ही गोष्ट, ती युद्धाच्या बऱ्याच आधीची. अविवाहित भगिनींची मूळची चाल फार उंच स्वरांत होती. वरचा आवाज वाजवणारे ब्रदर बर्फावर घसरले, पुढचे दात गमावून बसले, आणि त्यानंतर त्या गटातले कोणी गेले की घंटाघरातून घसा साफ केल्यासारखे आवाज येऊ लागले. हुल्डांच्या थोरल्या बहिणीच्या वेळी तर गावाला वाटले की कोणी गेलेले नाही, वर काहीतरी अडकले आहे. दफन आटोपून घरी येताच हुल्डा ओटिलींना म्हणाल्या, "माझ्या वेळी असलं चालायचं नाही, टिली. तू काहीतरी कर बाई."

ओटिलींनी खालच्या स्वरांतली नवी चाल रचली. चारही आवाज लिहिले आणि कागद बाइटेलांना दिला. बाइटेलांनी तो वाचला, मान हलवली आणि आपल्या सुंदर हस्ताक्षरात घंटाघरातल्या चारही वह्यांत उतरवला. त्या दिवसापासून चाल बाइटेलांची झाली.

यात लबाडी नव्हती, पद्धत होती. आमच्या संगीतखोलीत दोनशे वर्षांपूर्वीपासूनचे कागद आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक भगिनींच्या हातचे: भगिनीगृहात तेव्हा व्हायोलिने होती, चेलो होते, संध्याकाळच्या उपासनेला पूर्ण वाद्यवृंद त्या घरातूनच निघे. हा संग्रह पुढे लावताना जाणत्यांनी एक नियम पाळला. नाव नसलेले पान स्त्रीच्या हातचे असेल तर ती नक्कल, पुरुषाच्या हातचे असेल तर ती रचना. नियम सोयीचा होता आणि त्याने पुष्कळ काम वाचले. भगिनींपैकी कोणी स्वतः काही रचले होते का, हा प्रश्न त्यामुळे विचारावाच लागला नाही. ओटिलींच्या बाबतीत रचना स्त्रीची आणि नक्कल पुरुषाची, असा उलटा प्रकार घडला होता. त्यासाठी संग्रहात कप्पाच नव्हता.

ओटिलींनी बरीच वर्षे काही म्हटले नाही. मग मंडळीला दोनशे वर्षे होणार म्हणून गावच्या सगळ्या चालींचे पुस्तक छापायचे ठरले आणि त्याची कच्ची पाने समितीपुढे आली. भगिनींच्या चालीखाली छापले होते: थि. बाइटेल. हे नाव एकदा शाईत गेले की आपण मेल्यावर आपल्याच चालीवर दुसऱ्याच्या नावाने जाणार, हे ओटिलींच्या लक्षात आले. त्यांनी चांगली टोपी घातली आणि त्या समितीपुढे गेल्या. अध्यक्ष होत्या मार्गरिट फ्राय, बाइटेलांच्या कन्या. शेजारी सिस्टर आर्लिन वाइनलँड विणत बसल्या होत्या.

"मार्गरिट, ही चाल माझी आहे," ओटिली म्हणाल्या.

"सिस्टर, आपल्यात 'माझी' असं असतं का काही? शिळासुद्धा सारख्या आपल्या."

"बरोबर आहे. मग तुझ्या बाबांचं नाव काढ. बिननावाची छाप."

"असं कसं? बाबांचं नाव काढायला लागलं तर निम्मं पुस्तक बिननावाचं होईल."

"मग माझं घाल."

मार्गरिटनी कच्ची पाने सारखी केली. "बाबांची तब्येत तुम्हाला माहीत आहे. त्यांना विचारा हवं तर. ते म्हणाले तर मी आत्ता बदलते. पण दुखवू नका हं त्यांना."

सिस्टर वाइनलँड टाके मोजत राहिल्या.

ब्रदर बाइटेल खिडकीशी आरामखुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसलेले असत. या खेपेची सर्दी उतरली नव्हती आणि उतरणार नव्हती, हे त्यांच्यासकट सर्वांना ठाऊक होते.

"टिली, चाल तू आणून दिलीस हे मला आठवतं की," ते म्हणाले. "नाही कुठं म्हणतोय मी?"

"मग खाली नाव तुमचं कसं?"

"तिसरी ओळ. तिथं टेनर आणि बास एकमेकांचा हात धरून जिना उतरत होते. शाळकरी चूक. मी टेनर एक घर वर ठेवला."

"एक स्वर."

"एकच. पण तो नव्हता तोवर चाल नव्हती."

"आणि बाकीचे स्वर?"

"तुझे. त्यांच्याबद्दल माझी कधी तक्रार होती का?"

ओटिलींनी टोपीची पिन काढून पुन्हा खोचली. बाइटेल खोकले आणि मग खुशीत येऊन म्हणाले, "ट्रॉम्बोनवाल्या वॉल्टला सांगून ठेवलंय मी. माझ्या वेळी दुसरी चाल हीच वाजवायची."

"ती अविवाहित भगिनींची आहे, ब्रदर."

"तुम्ही वापरता ती. केलीय कोणी?"

"तुम्ही विधुर आहात. सात नातवंडं आहेत तुम्हाला."

"विधुरांची चाल ऐकलीयस ना? जात्यावर दळण घातल्यासारखी. तसा नाही जायचा मी."

"लोकांचा गोंधळ होईल."

"एलीमच्या लोकांचा?" बाइटेल हसले. "हे लोक नुसत्या चालीवरून माणूस ओळखतात, बाई."

नावाबद्दल ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मरणाऱ्या माणसाला पुन्हा विचारायचे कसे, हे ओटिलींना सुचले नाही. पाने छापखान्यात जायच्या बेतात होती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ओटिली उकडलेला बटाटा घालून साखरकेकचे पीठ मळत असताना घंटाघरावरून पहिली चाल आली. त्यांनी हात थांबवले. मग दुसरी आली, आणि ती त्यांची होती. गटात दोनच माणसे. एक तर परातीशी उभी होती. "हुल्डा!" असे म्हणून त्या पिठाच्या हातांनीच जिन्याकडे धावल्या. जिन्याच्या मध्यावर, कठडा धरून, हुल्डा खाली येत होत्या.

"टिली! तू आहेस?"

"मी तुम्हालाच बघायला येत होते."

"मला काय झालंय? आत्ता ओटमील खाल्लं."

"मग कोण गेलं?"

"दोघीच तर आहोत," हुल्डा म्हणाल्या. "नीट बघ. तुला बरं वाटतंय ना?"

त्या दोघी जिन्यावर असतानाच फाटक वाजले. एलीममध्ये तिसरी चाल संपली की ज्याच्या घरी दुःख त्याच्या दारी खाणे पोचते; त्या दिवशीही पोचले. बाहेरून सिस्टर वाइनलँडचा आवाज आला, कोणाशी तरी हळू बोलताना: "तिच्याच चालीवर गेली गं बिचारी. निदान एवढं तरी झालं."

ओटिलींनी दार उघडले. सिस्टर वाइनलँडच्या हातात अख्खा हॅम होता. तो त्यांनी मागे घेतला नाही. पण पुढेही केला नाही.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे सिस्टर हुल्डा का?"

"नाही," जिन्यावरून उत्तर आले.

"आत्ता तू काय म्हणालीस, आर्लिन?" ओटिलींनी विचारले.

"कुठं काय?"

"कोणाच्या चालीवर गेली म्हणालीस?"

"तुमच्याच की. सगळ्यांना माहीत आहे ते."

"मग त्या दिवशी समितीत का नाही बोललीस?"

सिस्टर वाइनलँडनी हॅम दुसऱ्या हातात घेतला. "तिथं कोणी मला विचारलं नाही."

मागून आणखी लोक आले: बटाट्याची कोशिंबीर, आंबवलेला कोबी, ॲपल पाय. दारात ओटिलींना पाहून प्रत्येक जण दचके, आनंद झाल्याचे सांगे आणि भांडे कुठे ठेवू म्हणून विचारी. स्वयंपाकघर भरले. कोणी मेलेले नाही असे ठरल्यावर काय बोलावे हे कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे सगळे बसून राहिले. माझ्या हातात कोबी होता.

अशा वेळी वॉल्टर डेमुथ आला. हा ट्रॉम्बोनवाल्यांचा म्होरक्या. एरवी नळ दुरुस्त करतो. टोपी हातात होती आणि कान लाल झाले होते.

"ब्रदर बाइटेल गेले, सिस्टर. पहाटे."

ओटिली त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वॉल्ट, तुला पियानो कोणी शिकवला?"

"तुम्ही."

"भगिनींची चाल विधुराला वाजवायची असं मी शिकवलं होतं?"

"नाही, सिस्टर. पण त्यांनी हात धरला माझा. म्हणाले, चाल माझीय. मी म्हटलं, मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा. आम्हाला वाटलं, लोकांना कळेल."

"लोकांना कळलं," हुल्डा म्हणाल्या. "सगळे इथं आहेत."

तेव्हा ओटिलींनी खोलीभर पाहिले. "आणि मार्गरिटकडे कोण आहे?"

मार्गरिटकडे कोणी नव्हते. ओटिलींनी हात धुतले, पिठावर ओला फडका टाकला आणि हॅम उचलला. मग आम्ही सगळे, आपापली भांडी पुन्हा हातात घेऊन, मुख्य रस्त्याने बाइटेलांच्या घराकडे निघालो. ओटिलींसाठी आणलेले जेवण ओटिली पुढे होऊन घेऊन चालल्या होत्या. हुल्डांना वॉल्टने आपल्या गाडीत, नळांच्या मध्ये जागा करून बसवले.

मार्गरिटनी काळा पोशाख केला होता. मेजावर कपबश्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या, एकीलाही हात न लागलेला. मोठ्या भांड्यातली कॉफी गार झाली होती. दार आम्ही वाजवले नाही, ते उघडेच होते.

"कोणीच आलं नाही," मार्गरिट म्हणाल्या. "चाल वाजली, मी कॉफी चढवली. बाबांनी जन्मभर ह्या गावासाठी वाजवलं. दोन घरांपलीकडचंसुद्धा कोणी आलं नाही."

सिस्टर वाइनलँड पडद्याकडे पाहू लागल्या. शेवटी वॉल्टच्या दंडाला धरून आत येणाऱ्या हुल्डांनीच सांगितले. त्यांना ऐकू कमी येई आणि म्हणून त्या नेहमी मोठ्याने बोलत.

"येणार कसे पोरी? सगळे आमच्याकडे होते."

"का?"

"चाल टिलीची ना! ती वाजली की तुझ्या बाबांची आठवण कोणाला येणार?"

मार्गरिटनी ओटिलींकडे पाहिले. ओटिलींना हवे होते ते सगळे त्या क्षणी त्यांच्यासमोर, साक्षीदारांसकट उभे होते. त्यांनी हॅम मेजावर ठेवला.

"तिसऱ्या ओळीत टेनर वर राहतो, ते ऐकलंस का सकाळी?" त्यांनी विचारले. "बास खाली जातो आणि तो जात नाही. तो स्वर तुझ्या बाबांचा."

"आणि बाकीचे?" मार्गरिटनी विचारले.

"सुरी कुठंय? हे कापायला घे आधी. लोक उभे आहेत."

आमच्याकडे प्रत्येकाने आपले जीवनवृत्त स्वतः लिहून ठेवायचे असते. ते त्याच्या दफनाच्या दिवशी चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. शेवटचा परिच्छेद अर्थातच ज्याचा त्याला लिहिता येत नाही, तो घरच्यांनी जोडायचा. ब्रदर बाइटेलांनी स्वतःबद्दल लिहिले होते ते नम्र आणि लांब होते. त्यात बऱ्याच सर्दींचा उल्लेख होता. पाळकसाहेबांनी ते संपवले, पान उलटले आणि मार्गरिटनी जोडलेला परिच्छेद वाचू लागले: 'आमचे वडील मंगळवारी पहाटे शांतपणे प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेवरून घंटाघरावरून भगिनी ओटिली कुमर यांनी रचलेली चाल वाजवण्यात आली. या चालीच्या टेनरमधला एक स्वर वडिलांनी दुरुस्त केला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.'

पाळकसाहेबांनी हे बाकीच्या मजकुराच्याच आवाजात वाचले. पुढच्या बाकांवरून एकदोघांनी ओटिलींकडे वळून पाहिले. त्या ऑर्गनवर पुढच्या गीताची पाने लावत होत्या. थडग्याशी वॉल्टच्या लोकांनी विधुरांची चाल वाजवली. ती दळण घातल्यासारखीच आहे.

पुस्तकाची पाने छापखान्यातून परत मागवली गेली. समितीत नियम असा होता की सर्वांची आद्याक्षरे छापायची. मार्गरिट म्हणाल्या, नुसते 'ओ.' छापले तर बाहेरच्या मंडळ्या ऑटो नावाचे कोणी ब्रदर समजतील; नाव पूर्ण जाईल. त्यामुळे त्या पुस्तकात एकच पहिले नाव पूर्ण आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना ती छपाईची चूक वाटते. दुसरी अडचण ओटिलींनी काढली. चालीखाली आणखी एक ओळ हवी, असे त्यांचे म्हणणे होते. एका स्वराचे श्रेय देण्याची पद्धत नाही, असे समितीने कळवले.

"तो स्वर युद्धात मी वर उभी राहून फुंकलाय," ओटिली म्हणाल्या. "माझा चुकीचा होता. त्यांचा बरोबर आहे. ज्याचं त्याचं छापा."

म्हणून तेथे छापले आहे: चाल: ओटिली कुमर; तिसऱ्या ओळीतला टेनर: थि. बाइटेल.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत ओटिली दुपारी संगीतखोलीत जाऊन बसू लागल्या. भगिनींच्या हातची पाने त्या एकेक करून वाजवून पाहत, आणि जिथे 'नक्कल' असा शिक्का असे त्यापुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढत. ही चिन्हे खोडावीत की ठेवावीत, याचा निर्णय संग्रहसमितीने अद्याप घेतलेला नाही.

हुल्डा आधी गेल्या, त्यांना हवे होते तसे, चाल नीट वाजून. मग काही वर्षांनी, एका स्वच्छ सकाळी, ओटिली दुसऱ्यांदा वारल्या. गटात आता दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे चुकायला जागा नव्हती; तरीही तिसरी चाल संपेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही, आणि मग सगळे बरोबर त्यांच्याच दारी गेलो. ती चाल घंटाघरावरून वाजली ती त्या दिवशी शेवटची, कारण ती जिच्यासाठी वाजवावी अशी भगिनी आता एलीममध्ये राहिलेली नाही. टेनर वाजवायला वर मार्गरिटची थोरली मुलगी लोइस गेली होती. शिडीची अडचण कोणाला आठवली नाही. तिसऱ्या ओळीत बास खाली उतरला, आणि लोइसने टेनर एक घर वर ठेवला.